हामोनचं ताट वेगळं मांडा

प्रश्न थोडक्यात असा: माद्रिदला येऊन जेमतेम वर्ष झालंय. शनिवारी रात्री नऊला आठ पाहुणे घरी येणार. चौघे नवऱ्याच्या ऑफिसातले स्पॅनिश लोक, बाकी दोन मराठी जोडपी. त्यांतल्या एक वहिनी शुद्ध शाकाहारी, आणि दुसऱ्या जोडप्यातल्या भाऊंना डुक्कर चालत नाही, मासे मात्र आवडीने खातात. फोटोत दिसतो तसा चीज आणि मांसाचा भरगच्च लाकडी ताब्ला करायचा आहे. काय आणू, किती आणू, कसं लावू?

आधी तो 'भरगच्च' शब्द काढून टाका. मी गेली बारा वर्षं इथल्या एका वस्तीच्या बाजारात चार्कुतेरियाच्या, म्हणजे हामोन (डुकराची वाळवलेली मांडी), चोरिथो (डुकराच्या मांसाचं लाल सॉसेज) आणि चीज विकणाऱ्या गाळ्यावर उभी असते. पहिल्या वर्षी मीही असाच ताब्ला केला होता. चौदा जिन्नस. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, चॉकलेटचे तुकडे, मधाची वाटी, आणि मधोमध हामोनची गुलाबं करून ठेवलेली. खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या, दोन मिनिटं फळीकडे बघत राहिल्या, मग स्वतःच आत जाऊन एक पांढरी ताटली घेऊन आल्या आणि काही न बोलता हामोनचा एकेक काप उलगडून तीत पसरायला लागल्या. निळ्या चीजचा वास हामोनला लागला होता आणि स्ट्रॉबेरीचं पाणी खालच्या कापांना. तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, हामोन एकटा खातात."

ताब्ला म्हणजे नुसती फळी. (सासूबाई अजून फोनवर 'तबला कसा झाला' असंच विचारतात.) इथल्या घरात पाहुणे आले की फार तर सात-आठ जिन्नस निघतात, आणि तेही एका फळीवर रचलेले नाहीत. हामोन चिनी मातीच्या ताटलीत, बाकीचं मांस एका फळीवर, चीज दुसऱ्या फळीवर. लाकूड हामोनची चरबी पितं आणि कालच्या कांद्याचा वास परत देतं, म्हणून त्याला ताटली. पैसे मोजके आहेत, तेव्हा संख्या वाढवू नका. मांसाच्या चार आणि चीजच्या चार वस्तू चांगल्या घ्या, नीट कापून घ्या, आणि थंडगार वाढू नका. माझ्या मते यातला 'थंडगार नको' हा भाग निम्म्याहून जास्त काम करतो, त्यावर शेवटी येते.

हामोन म्हणजे डुकराच्या मागच्या पायाची मीठ लावून वाळवलेली मांडी. पुढच्या पायाची ती पालेता. पालेता लहान, हाडाजवळची, चवीला जरा तीव्र आणि स्वस्त. पांढऱ्या जातीच्या डुकराचा तो सेरानो, आणि इबेरिको जातीचा तो इबेरिको. इबेरिकोला २०१४ सालच्या सरकारी नियमाने चार रंगांचे शिक्के ठरवून दिले आहेत. काळा शिक्का म्हणजे शंभर टक्के इबेरिको जातीचं आणि शेवटचे महिने ओकच्या रानात बेयोता, म्हणजे ओकची फळं, खाऊन वाढलेलं जनावर. लाल म्हणजे बेयोता खाल्लेलंच, पण संकरित. हिरवा म्हणजे उघड्यावर फिरलेलं, खाणं धान्य आणि गवत. पांढरा म्हणजे गोठ्यात धान्यावर वाढवलेलं. 'पाता नेग्रा' म्हणजे काळं खूर, हे नाव फक्त काळ्या शिक्क्यालाच लावता येतं. गिऱ्हाईक मात्र खुराचा रंग बघून भुलतं. खूर बघू नका, शिक्का बघा. ही मांडी किमान ६०० दिवस मुरते, सात किलो किंवा त्याहून जड असेल तर ७३०, म्हणून ती महाग.

तुम्हाला काळाच घ्या असं मी म्हणणार नाही. ऑफिसचे लोक आहेत, त्यांना फरक कळतो हे खरं, पण हिरव्या शिक्क्याचा हाताने कापलेला हामोन हा यंत्रावर कापून पाकिटात कोंबलेल्या काळ्यापेक्षा मला जास्त आवडतो. सुरीने कापलेला काप लहान असतो, बोटभर लांब, पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि प्रत्येक कापाला थोडी चरबी येते. ती चरबी काढून टाकू नका. मांसात पांढरे ठिपके दिसले तर ते मीठ नाही आणि बुरशीही नाही. प्रथिनं मुरताना टायरोसीन नावाच्या घटकाचे कण जमतात, ते हे. दर आठवड्याला कुणीतरी तेवढ्यावरून पाकीट परत घेऊन येतं.

खरेदी शनिवारी सकाळीच करा. दुपारी दोन-तीनला बाजारातले बरेच गाळे बंद होतात. गाळ्यासमोर रांग दिसणार नाही, घोळका दिसेल. तिथे जाऊन मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" जो हात वर करेल त्याच्यानंतर तुमचा नंबर. मापाचं सांगते, कारण माझी पहिल्या दिवशी फजिती झाली होती. एक बाई म्हणाल्या, चोरिथो 'क्वार्तो इ मिताद' दे. शब्दशः 'पाव आणि अर्धा'. मी पाऊण किलो तोलायला निघाले. गाळ्याच्या मालकाने हात धरला: पाव किलो, आणि त्या पावाचा अर्धा. ३७५ ग्रॅम. म्हणजे आपला दीडपाव! स्पेनमध्ये मला घरच्यासारखं वाटायला लागलं ते त्या दिवसापासून.

आता तुमचं माप. पाहुणे आठ आणि तुम्ही दोघं, असे दहा जण. वहिनी आणि भाऊ सोडले तर मांस खाणारे आठ. बरोबर बटाट्याची तोर्तिया, सॅलड आणि पाव असेल असं धरते (इथली तोर्तिया म्हणजे जाड ऑम्लेट, तीत अंडी असतात, वहिनींना विचारून ठेवा). माणशी ८० ते ९० ग्रॅम मांस आणि तेवढंच चीज पुरे. नुसतं जेवणाआधीचं चाखणं असेल तर याच्या निम्मं. हामोन ३०० ग्रॅम. लोमो १०० ग्रॅम. चोरिथो १५० ग्रॅम. एक अख्खा फुएत, जो साधारण दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. झालं.

लोमो म्हणजे पाठीचं कमी चरबीचं मांस, लसूण आणि पिमेंतोन, म्हणजे इथलं लाल तिखट, लावून वाळवलेलं. हे यंत्रावर अगदी पातळ कापून घ्या, हरकत नाही. फुएत हा कातालोनियाचा वाळवलेला सॉसेज, बोटाएवढा बारीक, वर पांढरी बुरशी. तीच त्याची ओळख, साल खाल्ली तरी चालते. तो घरी कापा, सुरी तिरपी धरून, म्हणजे चकती लंबगोल येते आणि हातात धरायला बरी पडते. कापून आणलेला फुएत संध्याकाळपर्यंत चामड्यासारखा होतो.

चोरिथोबद्दल मराठी माणसाला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. माझं माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे गोव्याचं चोरीस लहानपणापासून माहीत. ते पोर्तुगीजांबरोबर आलेलं याचं भावंड, पण ते कच्चं असतं, मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं, आणि शिजवूनच खायचं. इथला वाळवलेला चोरिथो तसाच कापून खातात. मात्र गाळ्यावर ताजा चोरिथोही असतो, मऊ, ओलसर, निखाऱ्यावर भाजायचा किंवा भाजीत घालायचा. मागताना 'कुरादो' म्हणा, म्हणजे मुरवलेला मिळेल. त्याचा लाल रंग आणि धुराचा वास पिमेंतोनचा. काथेरेस प्रांतातल्या ला वेरा खोऱ्यात मिरच्या ओकच्या धुरावर सावकाश वाळवून दळतात. आपल्याकडची मिरचीही अमेरिकेतून पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांच्या हातून आली, तेव्हा दोन्ही चोरिथोंच्या लाल रंगाचं मूळ एकच. साल काढायची असेल तर दोन्ही टोकं उडवा, लांबीत एक उभी चीर द्या आणि सोला. सालीसकट वाढला तर पाहुणे तोंडातून दोऱ्या काढत बसतात.

एक सावधगिरी. गाळ्यावर थेथिना नावाचं गडद तपकिरी मांस दिसेल, लेओनचं. धुरावर वाळवलेलं, चवीला फार सुरेख, पण ते गोमांस आहे. ते डुक्कर नाही म्हणून भाऊंना चालेल असं समजून मराठी लोक घेऊन जातात, आणि नंतर पंचाईत होते. काही चोरिथोंतही गोमांस मिसळलेलं असतं. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांच्यासाठी लेबल वाचा, नाहीतर सरळ विचारा. कुणी गरोदर असेल तर तेही आधी कानावर घ्या. इथली डॉक्टर मंडळी गरोदरपणात न शिजवलेला हामोन आणि कच्च्या दुधाचं चीज टाळायला सांगतात.

भाऊंसाठी मोहामा आणा. ट्युना माशाच्या पाठीचा भाग मिठात ठेवून, धुऊन, वाऱ्यावर वाळवतात. कादिथकडच्या बार्बातेची आणि वेल्वाकडच्या इस्ला क्रिस्तिनाची प्रसिद्ध. रंग गडद लालसर, पोत घट्ट. सुक्या मासळीवर वाढलेल्या कोकणी माणसाला पहिल्या घासात ओळख पटते, फक्त वासाचा दणका नाही. शंभर ग्रॅम पुरे. कागदासारखे काप, वर ऑलिव्ह तेलाचे चार थेंब, बाजूला भाजलेले बदाम. वाढायच्या अर्धा तास आधी तेल घाला. आणि ताटली वेगळी ठेवा, नाहीतर स्पॅनिश पाहुणे ती पहिल्यांदा संपवतील आणि भाऊ बदाम खात बसतील.

चीज. इथे वहिनींपासून सुरुवात करते. दूध गोठवायला जे रेनेट वापरतात, ते पारंपरिक चीजमध्ये कोकराच्या किंवा वासराच्या पोटातलं असतं. लेबलावर 'कुआहो आनिमाल' असेल तर ते हेच. काही शाकाहारी मंडळी हे मानत नाहीत, काही कटाक्षाने मानतात. वहिनींच्या वतीने तुम्ही ठरवू नका, फोन करून विचारा. कटाक्ष असेल तर स्पेनमध्ये त्यांची चंगळ आहे, कारण एस्त्रेमादुरातलं तोर्ता देल कासार हे चीज कार्दो नावाच्या रानटी काटेरी झाडाच्या फुलांनीच गोठवतात. नियमच तसा आहे. मेंढीचं कच्चं दूध, बाहेरून कवच, आत पळीने घ्यावं असं मऊ. वरची चकती झाकणासारखी कापून काढायची, पावाचा तुकडा बुडवायचा. चवीला किंचित कडसर, ती कडू छटा त्या फुलांचीच. लहानातली लहान तोर्ता घ्या आणि तीन तास आधी बाहेर काढून ठेवा. थंड तोर्ता थिजलेल्या मेणासारखी लागते.

मांचेगो हवंच. तीनशे ग्रॅमची कुन्या, म्हणजे त्रिकोणी फोड. इथे एक फसगत नेहमी होते. शेजारीच 'केसो इबेरिको' ठेवलेलं असतं, सालीवर तीच वेताच्या विणीसारखी नक्षी, किंमत कमी. ते गाय, शेळी आणि मेंढीच्या दुधाचं मिश्रण. मांचेगो फक्त मांचेगा जातीच्या मेंढीच्या दुधाचं, ला मांचातलं. खऱ्या चाकाच्या एका बाजूला केसिनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची, छोटी क्रमांक असलेली चकती रुतवलेली असते आणि लेबलावर 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीच्या नायकाचं चित्र असतं. नक्षी पूर्वी एस्पार्तो गवताच्या पट्ट्यांची उमटायची, आता साच्यातच कोरलेली असते, त्यामुळे नक्षीवरून काही ठरत नाही. सेमीकुरादो दुधाळ आणि नरम, कुरादो कोरडं आणि जरा झणझणीत. दहा वेगवेगळ्या जिभांसाठी कुरादो घ्या, विएहो, म्हणजे फार जुनं, नको.

हे कापायची पद्धत बघा, कारण इथे हौशी माणूस लगेच ओळखू येतो. फोड आडवी ठेवा. वरची आणि खालची, अशा दोन्ही सपाट साली पातळ उडवा. मागची गोलाकार साल मात्र राहू द्या. आता टोकापासून मागच्या सालीपर्यंत जातील असे पाच मिलिमीटर जाडीचे त्रिकोण कापत जा. प्रत्येक त्रिकोणाला मागे सालीची पट्टी राहते, ती धरायला. पाहुणा टोक खातो, साल ताटलीत ठेवतो. चौकोनी ठोकळे करू नका, टोक आणि सालीजवळचा भाग यांच्या चवीत फरक असतो, तो ठोकळ्यात हरवतो. साल खायची नसते.

तिसरं, माओन किंवा तेतिया. माओन मेनोर्काचं, गायीच्या दुधाचं, किंचित आंबट-खारट. तेतिया गालिथियाचं, शंकूच्या आकाराचं, लोण्यासारखं सौम्य. चीज फारसं न खाणाऱ्या मराठी पाहुण्याला तेतिया हमखास चालतं, दोनशे ग्रॅम घ्या. चौथं, काब्रालेस, फक्त सव्वाशे ग्रॅम. आस्तुरियासच्या डोंगरातल्या गुहांमध्ये मुरलेलं निळं चीज. हे जोरकस आहे. याच्यासाठी वेगळी सुरी आणि फळीचं शेवटचं टोक. फळीवर सौम्यापासून उग्रापर्यंत क्रम लावा आणि स्पॅनिश पाहुण्यांना सांगत बसू नका, त्यांना कळतं. मराठी पाहुण्यांना मात्र कुठून सुरुवात करायची ते सांगा, नाहीतर पहिला घास काब्रालेसचा पडतो आणि पुढचं सगळं बेचव लागतं.

बाजूला काय ठेवायचं? मेंब्रियो: क्विन्स नावाच्या तुरट फळाची साखर घालून आळवलेली गडद लालसर वडी. गोव्यातली पेरूची पेराद जिने खाल्लीय तिला हे नव्याने समजवायला नको, पोर्तुगीजांकडून गोव्यात आलेली रीत हीच, फक्त फळ बदललं. कुणी तिकडून पेराद आणली असेल तर मांचेगोबरोबर बिनधास्त ठेवा, माझे मालक आता मेंब्रियोपेक्षा तीच मागतात. बदाम, मांथानिया ऑलिव्ह, पिकोस नावाच्या आंदालुसियाच्या छोट्या कुरकुरीत काड्या, साधा पाव. लोणी नको. द्राक्षं ठेवायची तर चीजच्या फळीवर. 'द्राक्ष आणि चीज, चव चुंबनाची' अशी यमक जुळवलेली म्हणच आहे इथे. किसलेला टोमॅटो वाटीत ठेवा, ज्याला हवा तो पावावर घेईल. चांगल्या हामोनखाली टोमॅटो घालावा की नाही यावर इथे घराघरांत वाद आहेत. मी घालत नाही.

आता शनिवार संध्याकाळ. तोर्ता सहाला बाहेर. बाकीचं चीज आठला, कापलेलं नाही, कागदात गुंडाळलेलंच. चोरिथो, लोमो साडेआठला. हामोन हवाबंद पाकिटात दिला असेल तर तोही सातलाच फ्रिजबाहेर काढा. पाकीट थंड असताना उघडलं की काप एकमेकांना चिकटून फाटतात, माझ्या हातून एकदा सगळं पाकीट असंच चिंध्या होऊन निघालं होतं. वेळ नसेल तर बंद पाकीट कोमट पाण्याच्या नळाखाली मिनिटभर धरा. मग उघडा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. ताटलीही गरम पाण्याने धुऊन कोरडी करून घ्या. चरबी आधी पांढरी, अपारदर्शक दिसते. खोलीच्या उबेला आली की काचेसारखी होते, चकाकायला लागते आणि बोटाला तेल लागतं. तेव्हा वाढायची. काप एका थरात, एकावर एक किंचित चढवून, मधोमध मोकळं न ठेवता. गुलाबं नकोत. ताटली उभी धरली तरी चांगल्या हामोनचे काप घसरत नाहीत, आमचे मालक गिऱ्हाइकाला ही गंमत करून दाखवतात. तुम्ही पाहुण्यांसमोर करू नका. ऑगस्टच्या उकाड्यात या सगळ्या वेळा निम्म्या करा.

नऊचं बोलावणं म्हणजे स्पॅनिश पाहुणे सव्वानऊला येतील आणि मराठी पाहुणे कदाचित त्यांच्याही नंतर, म्हणून हामोनची ताटली दारावर बेल वाजल्यावर मांडा.

पेयांचं फार डोकं खाऊ नका. हामोनबरोबर सानलूकारची थंडगार मांथानिया वाइन (ऑलिव्हचं नावही तेच, गोंधळू नका), काब्रालेसबरोबर आस्तुरियासची सिद्रा, म्हणजे सफरचंदाची वाइन, बाकी बिअर. न पिणाऱ्यांसाठी मोस्तो, द्राक्षाचा रस, बर्फ आणि संत्र्याच्या फोडीबरोबर. कोकचा डबा ठेवण्यापेक्षा तो पेला हातात बरा दिसतो.

तासाभराने ताटलीत एकच काप उरेल आणि कुणी हात लावणार नाही. त्याला इथे नावच आहे, 'ला दे ला वेर्ग्वेंथा', लाजेची. आपल्याकडेही शेवटची पुरणपोळी अशीच पडून राहते. यजमानाने ताटली उचलून कुणा एकापुढे धरायची, मग घेतात. बाकी उरलेलं चीज कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये त्याला घाम येतो. काब्रालेसला स्वतःचा डबा. हामोनचे वाळलेले तुकडे रविवारी बारीक चिरून दाट पांढऱ्या सॉसमध्ये घाला, रात्रभर थंड करा, सोमवारी त्याचे लांबट गोळे, म्हणजे क्रोकेतास, तळा. कृती हवी असेल तर गाळ्यावर या, शनिवारी सकाळी अकराच्या आधी, नंतर मला बोलायला वेळ नसतो.